आजार पाहिलेला सोबती

घरात कुणाचं मन बिघडलं किंवा दारू हाताबाहेर गेली, की फलटणमध्ये डॉक्टर सुचवले जातात, नाहीतर देवऋषी. त्याच आजारातून बाहेर आलेला माणूसही मदत करू शकतो, हे क्वचितच कुणाला सुचतं.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात मात्र हेच चालतं. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केलं. तिथे बरे झालेले कित्येक रुग्ण पुढे तिथलेच कार्यकर्ते झाले. नवा माणूस म्हणतो, ‘मनात आणलं तर उद्या सोडीन.’ समोरच्या कार्यकर्त्याने हेच वाक्य कधीकाळी स्वतःच्या बायकोला ऐकवलेलं असतं. तो नुसता हसतो. वाद तिथेच मिटतो.

स्किझोफ्रेनियासाठीही पुण्यात स्वमदत गट आहेत. तिथे रुग्णाला ‘शुभार्थी’, सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. गोळ्यांनी दिवसभर झोप येते हे डॉक्टरांना कसं सांगावं, लग्न ठरवताना आजार लपवावा का, असे प्रश्न तिथे मोकळेपणी निघतात.

आजारातून गेलेला असा सोबती निदान करत नाही, गोळ्या बदलत नाही. त्याचा स्वतःचा आजारही उलटू शकतो; म्हणून त्याला प्रशिक्षण, वरिष्ठांची देखरेख आणि पगार हवा. ‘समाजसेवा’ म्हणून फुकट राबवून घेणं मला पटत नाही.

फलटणकरांना व्यसनमुक्तीसाठी साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्था आहे. फोनवर बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतात.