नवा संगणक आला, जुन्या कामाचे काय?

संयुक्त अरब अमिरातीच्या सात अमिरातींमध्ये अजमान आकाराने सर्वांत लहान. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मॉरिशस बेटाचा जेमतेम सातवा हिस्सा. तेथील खाडीच्या काठी लाकडी गलबते बांधण्याचा धंदा फार जुना आहे. मलबारातून आलेल्या सागवानाची ही गलबते जुने कारागीर कागदावर नकाशा न काढताच बांधीत. सारे माप त्यांच्या नजरेत आणि हातात असे. बापाकडून ते मुलाकडे जाई आणि कारागीर जिवंत आहे तोवर गलबताचा आराखडाही जिवंत राही.

आज त्याच अजमानमध्ये निराळे कारागीर दिसतात. १९८८ साली तेथे मुक्त व्यापार क्षेत्र स्थापन झाले. अल जुर्फसारख्या भागांत औद्योगिक वसाहती वाढल्या. पाट्या बनविणारे, छापखानेवाले, पत्रा व लाकूड कापणारे असे अनेक छोटे कारखाने उभे राहिले. त्यांत भारतातून गेलेली माणसे मोठ्या संख्येने काम करतात. या कारागिरांचा आराखडा हातात राहत नाही, तो संगणकातील फाइलीत राहतो. आणि ती फाइल उघडण्यासाठी ज्या प्रोग्रामने ती केली तो चालावा लागतो. प्रश्न उभा राहतो तो इथेच.

समजा, वीस वर्षांपूर्वी पाटी करून घेतलेला गिऱ्हाईक परत आला आणि म्हणाला, “तशीच दुसरी हवी.” पाटीवर अरबी मजकूर आहे, बोधचिन्ह आहे. फाइल सापडते, पण जुना संगणक बंद पडलेला असतो आणि नव्यावर तो प्रोग्राम बसत नाही. मग मालक सांगतो, “पुन्हा पहिल्यापासून काढा.” दोन दिवसांची मजुरी फुकट जाते, आणि नवे चिन्ह जुन्यासारखे हुबेहूब येत नाही ते वेगळेच.

असे का होते, ते थोडक्यात पाहू. ऑटोकॅड १९८२ साली आले, पेजमेकर १९८५ साली आणि कोरल ड्रॉ १९८९ साली. विंडोजवरचे त्या काळचे प्रोग्राम १६ बिटांचे असत. आजचे ६४ बिटांचे विंडोज तसले प्रोग्राम चालवीतच नाही, आणि २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचेच आहे. ३२ बिटांचे प्रोग्राम बहुधा चालतात. परंतु कधी कधी प्रोग्राम ३२ बिटांचा आणि तो बसविणारी फाइल मात्र १६ बिटांची असते. मग सीडी चांगली असूनही काम दाराशीच अडते. दुसरी अडचण डोंगलची. चोरून नकला होऊ नयेत म्हणून महागड्या प्रोग्रामबरोबर हे छोटे कुलूप येई आणि ते प्रिंटरच्या जुन्या पोर्टात लावावे लागे. नव्या संगणकाला ते पोर्टच नसते. डोंगल यूएसबीचे असले तरी त्याचा ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांचे विंडोज स्वीकारत नाही.

यावर उपाय आहेत. पहिला अगदी सोपा. प्रोग्रामच्या चिन्हावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडावे, कम्पॅटिबिलिटी या पानावर विंडोज एक्सपी निवडावे आणि पाहावे. प्रोग्राम बसविताना तो ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये न ठेवता सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरात ठेवावा. जुने प्रोग्राम आपल्या नोंदी स्वतःच्याच फोल्डरात लिहीत, आणि २००७ च्या व्हिस्टापासून विंडोज त्यांना ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये तसे लिहू देत नाही. एवढ्या एका बदलानेही पुष्कळ प्रोग्राम सुरळीत चालू लागतात.

तेवढ्याने भागले नाही तर दुसरा उपाय म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आपल्याजवळच्या अधिकृत प्रतीवरून जुने विंडोज बसविता येते आणि जुना प्रोग्राम त्याच्या ओळखीच्या घरात राहतो. मात्र या पोटातल्या संगणकाला इंटरनेट जोडू नये. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्येच थांबली आहे.

पण वाचकहो, आमचे खरे सांगणे पुढेच आहे. प्रोग्राम चालला म्हणजे काम संपले असे समजू नये. तो आज चालला तरी पुढच्या संगणकावर चालेल याचा भरवसा नाही. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ ची, आणि तीच शेवटची ठरली. त्याच कंपनीचे इनडिझाइन २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या फाइली उघडी, पुढे तेही बंद झाले. म्हणून प्रोग्राम उघडला की त्याच बैठकीत प्रत्येक कामाची पीडीएफ काढावी, चित्राची एसव्हीजी आणि यंत्र-आराखड्याची डीएक्सएफ प्रत ठेवावी. या प्रती अनेक प्रोग्राम वाचू शकतात. ज्यांच्याकडे जुना प्रोग्रामच उरलेला नाही त्यांनी लिब्रेऑफिस वापरून पाहावे. ते मोफत आहे. २०१२ पासून ते कोरलच्या आणि २०१५ पासून पेजमेकरच्या फाइली उघडते. मांडणी थोडी हलते, पण मजकूर व चित्रे बरीचशी हाती लागतात.

मराठीच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. खिळे जुळविण्याचे दिवस सरल्यावर पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमवर आणि पुण्याच्याच श्रीलिपीवर मराठीचे अपार काम झाले. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत, आणि प्रत्येकाची जागा निराळी. फॉन्ट गेला की ‘गणेश’ नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण छापखान्यांत ती पद्धत यायला फार वर्षे लागली. म्हणून फाइलीबरोबर तिचा फॉन्टही जपावा, परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे व रफार छापील प्रतीशी ताडून पाहावेत. यंत्र येथे हमखास चुकते. मराठी वाचणारे माणूसच ती चूक पकडू शकते.

हे सारे अजमानच्या पाटीवाल्यापुरते आहे असे कोणी समजू नये. आपल्या मंडळांच्या स्मरणिका, गणेशोत्सवाची पत्रके, गुढीपाडव्याच्या निमंत्रणपत्रिका यांतील पुष्कळ मजकूर गेल्या तीस वर्षांत संगणकावरच जुळला आहे. त्यात गावोगावच्या देणगीदारांची, कार्यकर्त्यांची आणि निवर्तलेल्या वडीलधाऱ्यांची नावे आहेत. छापील प्रतींना कसर लागली तर मूळ फाइलच काय ती उरेल. पाटी पुन्हा काढता येते. आजोबांनी सांगितलेली हकिकत पुन्हा कोण सांगणार?

तेव्हा प्रत्येक मंडळाने एक रविवार या कामाला द्यावा. कपाटातील सीड्या व जुने संगणक बाहेर काढावेत. जुना संगणक चालत असेल तर प्रती काढून होईपर्यंत तो भंगारात देऊ नये. घरातील तरुण मुलांनी यंत्राची बाजू सांभाळावी आणि वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून नावे व शुद्धलेखन तपासावे. निघालेल्या प्रती दोन वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात, म्हणजे एका घरी काही झाले तरी दुसरीकडे त्या शाबूत राहतील.