रिकामा दिसणारा शंख
अंदमानच्या बेटांवर सुट्टी घालवताना

अंदमानला जाणाऱ्या मराठी कुटुंबाची पावले प्रथम सेल्युलर जेलकडे वळतात. स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी पाहून मन गंभीर होते, मुलेही काही काळ शांत होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरून बोट सुटते आणि सहलीचे रूप एकदम पालटते. पाण्याचा रंग निळ्यावरून हिरव्याकडे सरकतो आणि किनाऱ्यापर्यंत उतरलेले घनदाट अरण्य समोर येते. आठशेहून अधिक लहानमोठी बेटे आणि खडक असलेल्या या द्वीपसमूहात मनुष्यवस्ती आहे ती केवळ तीसेक बेटांवर. बाकी सर्व राज्य झाडांचे, पक्ष्यांचे आणि समुद्रातील जिवांचे आहे. प्रवासी तेथे पाहुणा म्हणून जातो, आणि पाहुण्याने घरातील वस्तू उचलून नेऊ नयेत, एवढी रीत त्याला ठाऊक असावी लागते.

ओहोटीचे दर्शन

शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील बेट, आकाराने लहान आहे. तेथील लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर खडकाची एक नैसर्गिक कमान असून ती पाहण्यासाठी ओहोटीची वेळ साधावी लागते. पाणी ओसरले की खडकांच्या खळग्यांत उथळ डबकी उरतात आणि त्यांत एक छोटे जगच उघडे पडते. रंगीत मासोळ्या, काळ्या दोरखंडासारख्या निश्चल पडलेल्या समुद्रकाकड्या, आणि मधूनमधून प्रवाळ.

हे प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ते दगड नव्हेत. अत्यंत सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती चुन्याचे घर बांधीत राहतात, त्यातून प्रवाळाचा हा आकार उभा राहतो. काही जाती वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. निष्काळजीपणे टाकलेले एक पाऊल कित्येक वर्षांचे बांधकाम मोडू शकते. म्हणून माहितगार वाटाड्या पर्यटकांना केवळ वाळूवर आणि मृत खडकावर पाय ठेवायला सांगतो. त्याचे ऐकणे हिताचे असते.

या प्रवाळांनी आधीच पुष्कळ सोसले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचे काही किनारे वर उचलले गेले आणि तेथील प्रवाळ पाण्याबाहेर पडून मेले. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र नेहमीपेक्षा तापला. प्रवाळांच्या शरीरात राहून त्यांना अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल त्यामुळे निघून गेले आणि मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. भूकंप कोणाच्या हातात नसतो. पाऊल कोठे टाकावे, हे मात्र प्रत्येकाच्या हातात असते.

ज्याला घर हवे तो

संध्याकाळी किनाऱ्यावर मुले शंख गोळा करू लागतात. खिसे भरतात, आईच्या पिशवीत भर पडते. एवढ्यात एखादा शंख चालू लागतो! मुले दचकतात, मग हसतात. शंखाच्या तोंडातून तांबूस पाय बाहेर आलेले असतात.

हा शंखात राहणारा खेकडा. त्याच्या शरीराचा मागचा भाग मऊ आणि उघडा असतो. निसर्गाने त्याला स्वतःचे पुरे कवच दिलेले नाही. गोगलगायीसारख्या जिवाने मागे ठेवलेला शंख हेच त्याचे घर. तो वाढतो तसे घर अपुरे पडते आणि त्याला मोठ्या शंखाचा शोध घ्यावा लागतो. एखादा चांगला शंख सापडला की कधी कधी लहानमोठे अनेक खेकडे त्याच्याभोवती जमतात. सर्वांत मोठा त्यात शिरतो, त्याने सोडलेल्या घरात दुसरा, दुसऱ्याच्या घरात तिसरा. एका रिकाम्या शंखामुळे असे कित्येकांचे घर बदलते. आणि जेथे शंख उरत नाहीत तेथे हे खेकडे बाटलीच्या झाकणात किंवा फुटक्या डब्यात अंग लपवताना दिसतात.

व्यापारी घरातील मुलांना येथे आणखी एक गोष्ट सांगता येईल. प्लॅस्टिकची बटणे येण्यापूर्वी कपड्यांवरील चमकदार बटणे शिंपल्यांपासून होत असत. अंदमानच्या समुद्रातील ट्रोकस आणि टर्बो जातींच्या मोठ्या शंखांना त्यासाठी फार मागणी होती. काढणी होत राहिली आणि शंख कमी होत गेले. माल संपेपर्यंत विकणे हा व्यवहार नव्हे, हे कोणत्याही पेढीवर शिकवले जाते.

२००१ साली प्रवाळ आणि शंखांच्या अनेक जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आल्या. परतीच्या विमानतळावर सामान तपासले जाते आणि प्रवाळाचे तुकडे किंवा शंख निघाले तर ते काढून घेतले जातात. मुलाच्या डोळ्यांत पाणी येण्यापेक्षा किनाऱ्यावरच समजावणे बरे.

काही व्यवहाराच्या गोष्टी

ही बेटे देशाच्या पूर्व टोकाला असल्याने तेथे दिवस लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. डिसेंबरात सूर्यास्त सायंकाळी पाचच्या सुमारास होतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या कुटुंबांनी हॉटेलात त्याची कल्पना आदल्या दिवशीच द्यावी.

वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली स्थापन झाले. तेथील जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिक नेण्यास मनाई आहे. घरून नेलेला खाखरा आणि सुका फराळ स्टीलच्या डब्यात असला की धक्क्यावर अडचण येत नाही. तळाला काच असलेल्या बोटीतून तेथील प्रवाळ पाण्यात न उतरताही पाहता येतात, त्यामुळे आजी-आजोबांचीही सोय होते.

नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर ठिपक्यांची हरणे माणसाला न घाबरता जवळ येतात. इंग्रजांनी अंदमानात आणलेल्या हरणांचा हा वंश. त्यांना बिस्किटे चारण्याचा मोह आवरावा. काही खाड्यांमध्ये आणि किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरी असतात, म्हणून फलक लावून मनाई केलेल्या जागी पाण्यात उतरू नये.

सवड असेल तर उत्तरेकडे दिगलीपूरजवळचे कालीपूर गाठावे. हिवाळ्याच्या रात्री सागरी कासवांच्या माद्या तेथे वाळूत अंडी घालतात. वनखात्याचे कर्मचारी ती अंडी कुंपणातील सुरक्षित वाळूत ठेवतात आणि पिल्ले बाहेर पडली की समुद्राकडे सोडतात. उजेडाच्या दिशेने जाण्याची त्यांची उपजत वृत्ती असते. हातातील टॉर्चने त्यांची वाट चुकू शकते. अंधारात, न बोलता उभे राहून पाहणे हाच तेथील शिष्टाचार आहे.

सहलीहून परतताना हात रिकामे राहिले म्हणून काही उणे पडत नाही. शेवटच्या संध्याकाळी मुलाला त्याचा सर्वांत आवडता शंख पुन्हा वाळूवर ठेवायला सांगावे आणि पहाटे तेथे घेऊन जावे. शंख बहुधा जागेवर नसेल. झाडीच्या दिशेने गेलेली बारीक पावलांची एक ओळ तेवढी वाळूत उमटलेली असेल.