बोरघाटात ऑटोमॅटिक गाडी का तापते?

खालापूर टोलनाका मागे पडला की थोड्याच वेळात बोरघाट सुरू होतो. पुढे ट्रकची रांग असेल, तर ऑटोमॅटिक गाडीचे इंजिन ओरडते, वेग मात्र वाढत नाही. गाडीत बिघाड असेलच असे नाही.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते. इंजिनाला जोडलेला पंखा तेल फेकतो, त्या माऱ्याने समोरचा पंखा फिरतो. मधला स्टेटर परतणारे तेल वळवतो, म्हणून गाडी निघताना टॉर्क जवळपास दुप्पट होतो. जर्मनीत १९०५ मध्ये हर्मन फोटिंगर यांनी ही युक्ती जहाजांसाठी शोधली. मात्र दोन्ही पंख्यांच्या वेगात जितका फरक, तितके तेल तापते.

ड्रॅग रेसवाले हा फरक मुद्दाम वाढवतात. घाटमाथ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन जितके आरपीएम गाठते, तो 'स्टॉल स्पीड'. रोजच्या गाडीत तो साधारण २,००० ते २,५००. शर्यतीसाठी ४,००० च्याही वर नेतात. सुटतानाच पूर्ण ताकद मिळते. ४०२ मीटरच्या शर्यतीत हे चालून जाते, घाटात तेल करपेल.

आपणही नकळत तेच करतो. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणे ही स्टॉल टेस्टच! थांबताना ब्रेक लावा, रांगेत मॅन्युअल मोडवर खालचा गिअर ठेवा. खोपोलीकडे उतरतानाही तोच गिअर हवा, नाहीतर ब्रेक तापतील.