पट्टाकरवत घ्यायची, पण किती इंची?

शाळेसाठी गाड्या, कप्पी, तराजू यांच्या लाकडी प्रतिकृती घरी करायच्या, तर पट्टाकरवत फार उपयोगी. दोन चाकांवरून पोलादी पट्टीचे बंद कडे फिरत राहते आणि फळी कापते. सरळ आणि वळणदारही. दुकानदार विचारतो, “किती इंची?” हे इंच म्हणजे चाकाचा व्यास.

व्यासाला एवढे महत्त्व का? पाते चाकावरून वळताना त्याचा बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो. हे ताणणे किती, ते पात्याच्या जाडीला चाकाच्या व्यासाने भागून कळते. ०.६ मिलिमीटर जाडीचे पाते १४ इंची (सुमारे ३५० मिमी) चाकावर ०.१७ टक्के ताणले जाते, ८ इंची (२०० मिमी) चाकावर ०.३ टक्के. म्हणून लहान यंत्राला पातळ पातेच लावावे लागते. ते फार ताणून बसवता येत नाही आणि जाड लाकडात भरकटते.

आता गणित करू. १४ इंची यंत्रात पाते सुमारे २.४ मीटर लांब, वेग सेकंदाला १५ मीटर. म्हणजे सेकंदाला सहाहून अधिक फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोनदा वाकणे. तासाभरात पाते ४५,००० वेळा वाकते! केसांतली पिन पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. पातेही असेच ‘थकते’. त्याचा सांधा तर अधिकच नाजूक. १८४६ साली फ्रान्समधील क्रेपीन या बाईंनी सांधा जोडण्याची चांगली रीत काढली, तेव्हा कुठे ही करवत व्यवहारात आली.

आमच्या वरसाव्याला वसईची खाडी लागून आहे. खारट, दमट हवेत पात्यावर गंज चढतो आणि गंजाच्या खड्ड्यातूनच तडा सुरू होतो. काम संपले की पात्याचा ताण सैल करावा, तेलाचा बोळा फिरवावा.

मग निवड कशी करावी? दोनतीन इंच जाडीपर्यंतच्या प्रतिकृतींना ८ ते १० इंची यंत्र पुरते. सहा इंच रुंद फळी उभी फाळायची असेल तर १४ इंची घ्यावे. एक अश्वशक्तीची मोटर घरच्या सिंगल फेज विजेवर चालते. त्याहून मोठे यंत्र घरात बहुधा जागाच अडवते.

यंत्र कोणतेही असो, पात्यावरचे संरक्षक लाकडाच्या जेमतेम वर ठेवावे आणि बोटे पात्याच्या रेषेत आणू नयेत. मुलांच्या हाती यंत्र देऊ नये. त्यांना कार्डाची पट्टी द्यावी. ती आधी बादलीभोवती, मग पेन्सिलीभोवती गुंडाळायला सांगावी. घडी कुठे मोडते, हे पाहिले की व्यासाचा प्रश्न त्यांना आपोआप उलगडेल.