जुन्या मोटारीतील पाण्याची गळती

दिल्लीतील कडुनिंब वसंतात पाने ढाळतात. पाऊस मात्र जूनच्या अखेरीस येतो. मधल्या महिन्यांत झाडाखाली उभ्या असलेल्या मोटारीत संकट नकळत साठत असते. गुडगावात १९८३ ते २०१४ या काळात बनलेली मारुती ८०० असो वा अन्य गाडी, पुढच्या काचेवरून ओघळणारे पाणी खालच्या जाळीतून पन्हळीत उतरते आणि तिच्या छिद्रांवाटे जमिनीवर पडते. पालापाचोळ्याने ही छिद्रे बुजली, की पन्हळ तुडुंब भरते व पाणी हवेच्या वाटेने आत शिरते.

म्हणून प्रथम पाला हाताने उपसावा. तो पाण्याने आत लोटू नये. त्यानंतरही गालिचा भिजत असेल, तर तो उचलून पत्रा कोरडा करावा. एकाने विजेरी घेऊन आत बसावे. दुसऱ्याने बाहेरून, खालपासून वर, एकेका जागी पाण्याची बारीक धार धरावी. जेथे ओल दिसते तेथेच छिद्र असते असे नाही. पाणी पत्र्याच्या कडेने दूरवर वाहत जाते. उगम सापडण्यापूर्वी लांबी भरणे व्यर्थ होय. वरून कोरड्या दिसणाऱ्या गालिच्याखाली गंज पत्रा खातच राहतो.