वनस्पती-उद्यानातील सोबत

मनुष्यास सोबत लागते हे सांगावयास कोणा पंडिताची गरज नाही. अंधाऱ्या वाटेने जावयाचे झाले की लहान मूल आईचे बोट धरते, आणि म्हातारपणी तीच आई मुलाचा हात शोधते. परंतु झाडास सोबत लागते काय? ते तर जन्मभर एका जागी उभे. न कोणास हाक मारते, न कोणाच्या घरी जाते. ह्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात मिळते खरे; पण ते डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर हिवाळ्याच्या एखाद्या सकाळी वनस्पती-उद्यानात जावे, असे आम्हांस वाटते.

वारणानगरच्या विद्यार्थ्यांस त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सुमारे ३० किलोमीटरांवर कोल्हापूर आहे. तेथे १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागाने जोपासलेले उद्यान ‘लीड बोटॅनिकल गार्डन’ ह्या नावाने ओळखले जाते. सह्याद्रीवाचून जगात अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या अनेक वनस्पती तेथे सांभाळल्या आहेत.

बगीचा आणि वनस्पती-उद्यान ह्यांत भेद आहे. बगीचा शोभेसाठी असतो. वनस्पती-उद्यान अभ्यासासाठी व जतनासाठी असते. त्याचा उगम तर रुग्णसेवेत झालेला आहे. इटलीतील पादुआ येथील उद्यान १५४५ साली वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस औषधी वनस्पती ओळखता याव्यात म्हणून सुरू झाले, आणि ते आजही त्याच जागी आहे. आपल्याकडे पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ साली असेच एक उद्यान निघाले. पुढे त्याचे अधीक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन हे पेशाने शल्यवैद्य. त्यांनी तेथे सरकारी रुग्णालयांसाठी औषधी वनस्पती लावविल्या. १८४७ साली तेच मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. रोग्याविषयीची कळकळ आणि झाडाविषयीची कळकळ एकाच मनुष्याच्या ठायी नांदली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता हिवाळाच का निवडावा? कित्येकांस वाटते की, झाडे थंडीमुळे पाने टाकतात. बर्फाच्या देशांत ते काही अंशी खरे आहे. परंतु आपल्याकडे पाणी गोठण्याइतकी थंडी पडतच नाही. आपल्या झाडांचे संकट थंडीचे नसून तहानेचे असते. पावसाळा सरला की माती हळूहळू कोरडी होते; पानांच्या सूक्ष्म छिद्रांवाटे मात्र पाणी उडतच राहते. तेव्हा खर्च कमी करण्यासाठी झाड पाने गाळते. काटेसावर अशी निष्पर्ण होते आणि मग तांबड्या फुलांनी भरून जाते. त्या फुलांतील मधासाठी साळुंक्या व बुलबुल दाटी करितात. पर्णसंभार नसल्यामुळे ह्या दिवसांत झाडाची खोड-फांद्यांची ठेवण स्पष्ट दिसते, आणि कोणाच्या अंगावर कोण वाढले आहे हेही लपत नाही.

ह्या सोबतीचे प्रकार मात्र भिन्न आहेत. पहिला प्रकार देवघेवीचा. हरभरा, भुईमूग, तूर ह्यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र झाडास उपयोगी पडेल अशा रूपात बांधून देतात, आणि मोबदल्यात झाडाने तयार केलेली साखर घेतात. म्हणूनच आपले शेतकरी उसापूर्वी अशा पिकाचा बेवड चांगला मानितात. उंबराची गोष्ट तर अधिक नवलाची आहे. त्याची फुले आपण ज्यास फळ म्हणतो त्याच्या आतच असतात. इवलेसे केंबरे लहानशा छिद्रातून आत शिरते. शिरताना त्याचे पंखही तुटतात. ते परागकण पोचविते आणि काही फुलांत अंडी घालते. उंबरास बी मिळते, केंबराच्या पिलांस घर मिळते. ‘उंबर फोडून केंबरे उडविणे’ असे आपण म्हणतो. पण ही केंबरे नसतील तर उंबराचे बीज धरावयाचे नाही.

दुसरा प्रकार आश्रयाचा. आमरी झाडाच्या फांदीवर वाढते, परंतु तिच्या मुळांना केवळ बसावयास जागा हवी असते. यजमानाचा रस ती शोषीत नाही. तिसरा प्रकार घेण्याचा. बांडगूळ फांदीत मुळे रुतवून पाणी ओढते, म्हणून आयतेखाऊ मनुष्यास आपण त्याचे नाव देतो. पण चंदनासारखा मानाचा वृक्षही ह्याच पंक्तीत बसतो, हे थोड्यांस ठाऊक असते. चंदनाची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांस जाऊन चिकटतात व त्यांच्यातून पाणी आणि क्षार घेतात. एकटे लावलेले रोप खुरटते. म्हणून लागवड करणारे त्याच्याजवळ तूर पेरितात. चंदनाच्या सुगंधाची कीर्ती सर्वत्र आहे. त्याच्या पायाशी उभ्या असलेल्या तुरीचे नाव कोणी घेत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. झाडांच्या ठायी दया असते असे शास्त्र म्हणत नाही. तूर चंदनावर उपकार करीत नाही. तिच्याकडून घेतले जाते एवढेच. उंबर आणि केंबरे ह्यांचाही व्यवहार रोखीचा आहे. दया ही मनुष्याची वस्तू होय. जेथे परतफेडीची आशा नाही तेथेही सोबत करणे, हे निवडण्याचे स्वातंत्र्य त्यास आहे.

ह्याचे उदाहरण ह्याच उद्यानात सापडते. कंदीलपुष्प नावाच्या नाजूक वेली सह्याद्रीच्या कड्यांवर व माळांवर पावसाळ्यात उगवतात. शास्त्रात त्यांस सिरोपेजिया म्हणतात. हे नाव लिनियसने १७५३ साली दिले. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. लहान माशी आत जाते आणि अडकते. परंतु फूल तिला मारीत नाही. काही काळाने केस सुकतात, फूल कलते, आणि माशी पराग घेऊन मोकळी होते. ह्या वेलींचे कंद खाण्याजोगे असल्याने ते खणून काढले जातात. त्यांचे माळ नांगराखाली जातात. गुरेही वेल खुडतात. कित्येक जाती त्यामुळे अगदी थोड्या उरल्या आहेत. प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी ह्यांनी कडेकपारी धुंडून त्यांचा अभ्यास केला व त्या उद्यानात वाढविल्या. हिवाळ्यात ह्या वेली वाळून जातात आणि मातीखाली केवळ कंद राहतो. पाहणाऱ्यास कोरडी मातीच दिसते. तरी कोणीतरी तिची निगा राखीत असतो.

एका सहलीत आमच्याबरोबरच्या मुलांपैकी एकास दृष्टी नव्हती. त्याचा सोबती प्रत्येक पाटी त्यास वाचून दाखवी. सावरीच्या खोडावरील काटे त्याने बोटांनी चाचपले, चुरगळलेल्या वाळक्या पानांचा वास घेतला, आणि मग तो इतके प्रश्न विचारू लागला की, सोबत्यास प्रत्येक झाडापाशी थांबून नीट पाहावे लागले. बाकीची मुले अर्ध्या तासात उद्यान ‘पाहून’ मोकळी झाली होती. परतीच्या वाटेवर आम्ही झाडांची नावे विचारली, तेव्हा सर्वांत अधिक नावे त्या दोघांस सांगता आली.

वनस्पतींशी वागण्याचेही काही नियम आहेत. पान तोडू नये, कंद उकरू नये, आणि खोडावर नाव तर मुळीच कोरू नये. सालीच्या आतल्या बाजूस असलेल्या नलिकांतून पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे उतरते. साल सभोवार कापली गेली तर मुळे उपाशी राहून झाड मरते. थोडी कापली तरी तेथून कीड व बुरशी आत शिरते.

वारणाकाठचा हा परिसर १९५० नंतर सहकाराच्या बळावर उभा राहिला. एकट्याने जे झाले नसते ते पुष्कळांनी मिळून केले. त्या भूमीत वाढणाऱ्या विद्यार्थ्यांस सोबतीचे मोल निराळे सांगावयास नको. येत्या हिवाळ्यात जे उद्यानास जातील त्यांनी विभागाची परवानगी घ्यावी, एक वही व पेन्सिल न्यावी, सकाळी लवकर निघावे. आणि सहलीच्या वेळी ज्यास सहसा कोणी बोलावीत नाही अशा एकास आपल्याबरोबर अवश्य घ्यावे.