निर्जन बेटांचा इतिहास कुठे वाचायचा?

भूगोलाच्या तासाला ‘हिमाद्री’चा उल्लेख आला की एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, ‘तिथे आधी कोण राहत होतं?’ हिमाद्री हे भारताचे उत्तर ध्रुवीय प्रदेशातील संशोधन केंद्र. ते १ जुलै २००८ रोजी स्वालबार्ड द्वीपसमूहात न्यू ऑलेसुंड येथे सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथून चालतो. आधी तिथे कायमची वस्ती करणारे कोणीच नव्हते, हे प्रश्नाचे सरळ उत्तर. मग पुढचा प्रश्न येतो : जिथे गाव नाही, आजी-आजोबांच्या गोष्टी नाहीत, तिथला इतिहास लिहिला कशावरून? आणि पुसदसारख्या ठिकाणी बसून तो वाचायचा कुठे?

शोधाची सुरुवात नावापासून करावी. ‘स्वालबार्ड’ हे नाव या बेटांना विसाव्या शतकात मिळाले. जुन्या पुस्तकांत ‘स्पिट्सबर्गन’ असे शोधावे लागते. सतराव्या शतकातील देवमाशांचे शिकारी तर या भागाला ‘ग्रीनलँड’च म्हणत. त्यामुळे चुकीचे नाव घेऊन शोधले तर अर्धी साधने हातीच लागत नाहीत. हा अनुभव आपल्याकडेही येतो. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता. त्यामुळे त्याआधीची सरकारी माहिती यवतमाळच्या नव्हे, तर वाशीमच्या कागदांत पाहावी लागते.

आता लेखी साधने पाहू. डच दर्यावर्दी विलेम बारेंट्स आणि त्याच्या सोबत्यांना ही बेटे १५९६ साली दिसली. त्या सफरीतील खेरिट द फेर याने आपले वृत्तांतलेखन १५९८ मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलेले ते अव्वल साधन. विल्यम स्कोर्सबी हा स्वतः देवमाशांची शिकार करणारा कप्तान होता. त्याने उत्तर ध्रुवीय प्रदेशावर दोन खंडांचा ग्रंथ १८२० मध्ये लिहिला. मार्टिन कॉनवे याने अशी जुनी वर्णने एकत्र करून १९०६ मध्ये या बेटांचा इतिहास सिद्ध केला. ते दुय्यम साधन, पण उपयुक्त. ही पुस्तके जुनी असल्याने त्यांच्या इंग्रजी प्रती इंटरनेटवर फुकट वाचता येतात. अलीकडचा आटोपशीर इतिहास हवा असेल तर नॉर्वेचे इतिहासकार थोर आर्लोव यांचे १९८९ चे छोटे इंग्रजी पुस्तक पाहावे.

पण छापलेले सगळे खरे मानायचे का? स्मेरेनबर्गचे उदाहरण बोलके आहे. या नावाचा अर्थ ‘चरबीचे गाव’. डच लोक तिथे देवमाशाची चरबी कढवून तेल काढत. पुढच्या लेखकांनी या ठिकाणाचे वर्णन वाढवत नेले. तिथे उन्हाळ्यात हजारो माणसे असत, दुकाने, बेकऱ्या आणि चर्च होते, असे पुस्तकामागून पुस्तकात उतरले. १९७९ ते १९८१ या काळात डच पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले. सापडल्या १६-१७ इमारतींच्या खुणा; म्हणजे माणसे सुमारे २००. बखरीतल्या सैन्याच्या आकड्यांकडे आपण जसे जपून पाहतो, तसेच इथेही पाहायला हवे. दहा पुस्तकांनी एकच गोष्ट सांगितली, पण दहाही जणांनी ती एकाच ठिकाणाहून उचलली असेल, तर पुरावा एकच ठरतो.

जमिनीतला पुरावाही आपोआप बोलत नाही. काही सोव्हिएत संशोधकांनी रशियन शिकाऱ्यांच्या झोपड्यांतील लाकडाची वाढवलये मोजली आणि रशियन लोक इथे बारेंट्सच्याही आधी आले होते, असे मत मांडले. नॉर्वेच्या अभ्यासकांना ते पटले नाही. स्वालबार्डवर झाडे नाहीत. तिथले बरेच लाकूड सैबेरियातील नद्यांतून समुद्रात येते आणि वाहत किनाऱ्याला लागते. वलयांवरून झाड केव्हा वाढले आणि मेले ते कळते. घर केव्हा बांधले ते कळत नाही. मापन अचूक असूनही निष्कर्ष चुकू शकतो, हे मुलांना समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

एक साधन तर थेट वर्गात वाचता येईल. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या कराराने या बेटांवर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य झाले. सही करणाऱ्या देशांच्या नागरिकांना शिकार, मासेमारी, खाणकाम यांचे समान हक्क मिळाले. अवघी दहा कलमे आहेत. सह्या करणाऱ्यांत ब्रिटिश अमलाखालील भारताचेही नाव आहे. भारताचा या बेटांशी संबंध हिमाद्रीच्या कितीतरी आधीचा आहे, हे मुलांना मूळ कागदातच दिसेल.

हीच पद्धत घराजवळही वापरता येते. आपल्या भागात ‘रिठ’ म्हणून नोंदलेली गावे असतात. कागदावर नाव आहे, शेतजमीन आहे, पण माणूस राहत नाही. अशा एका गावाचा इतिहास मुलांना शोधू द्या. १९०८ चे जिल्हा गॅझेटियर, तलाठ्याकडील नोंदी, शेतांची नावे, बुजलेली विहीर, शेजारच्या गावातील म्हाताऱ्यांच्या आठवणी ही झाली साधने. प्रत्येक माहितीपुढे तीन गोष्टी लिहायला सांगा : हे कोणी सांगितले, त्याने स्वतः पाहिले होते का, आणि दुसऱ्या कशावरून ताडून पाहता येईल? गाव का उठले, याची दोन वेगळी कारणे हाती आली तर दोन्ही लिहून ठेवावीत. घाईने एक खोडू नये.